नाहीबुवा

त्या डोंगरावर त्याला नावानं कोणीच हाक मारत नसे. सगळे नाहीबुवा म्हणायचे. कारण एवढंच, की नकार द्यायचा झाला की या माणसाचं वाक्य ‘नाही’पासून सुरू व्हायचं. तुम्ही-आम्ही ‘जेवलो नाही’ म्हणतो, ‘माहीत नाही’ म्हणतो. आपलं नाही मागून येतं. त्याचं उलट. “जेवलात का?” “नाही जेवलो.” “किल्ली कुठंय?” “नाही माहीत.” “साहेब आले का हो?” “नाही. नाही आले.” कामावर नवीन आलेली पोरं चार दिवस त्याला न्याहाळायची, आणि मग चहाच्या वेळी नक्कल सुरू व्हायची: “नाही बुवा, नाही लागली तहान, नाही पाजत का कोणी पाणी!” सगळे खो खो हसायचे. तोही हसायचा. बिचारा! हसणार नाही तर काय करणार?

जुनी माणसं मात्र हसत नसत. त्यातल्या त्यात तोडलेल्या लाकडांच्या थप्प्या लावणारा एक म्हातारा होता, थप्पीवाला म्हणायचे त्याला. तो अशा वेळी चहा अर्धा टाकून उठून जायचा. नव्या पोरांना वाटायचं, म्हातारा तुसडा आहे. तुसडा होताच तो, पण उठून जायचं कारण ते नव्हतं.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोंगराचा उतार असा, की तिथं ट्रॅक्टर काय, बैलसुद्धा उभा राहायचा नाही. तिथं तोडलेली झाडं वर आणायची ती दोरावरून. दोर म्हणजे पोलादी तारांचा पिळलेला, अंगठ्यापेक्षा जाड. वर सपाटीवर यंत्र उभं: एक उंच लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावर कप्प्या, पायथ्याशी इंजिन आणि दोर गुंडाळणारे ड्रम, आणि बाजूला चालकाची केबिन. खांब उलथू नये म्हणून चहूबाजूंनी ताणाचे दोर, जुन्या झाडांच्या खुंटांना बांधलेले. चालकानं लिव्हर ओढली की खालच्या दरीतून आख्खं झाड हवेत लोंबकळत वर यायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा आ वासलेलाच राहायचा.

या सगळ्याला वंगण घालायचं आणि सगळं तपासायचं, हे नाहीबुवाचं काम. सकाळी सगळ्यांच्या आधी तो हजर. खुंटांपाशी जाऊन हातोडीनं ठोकून बघायचा, मुळं कुजली असतील तर आवाज बद्द येतो. पिना बघायचा, पिनांना अडकवलेल्या तारा बघायचा, ब्रेकचे पट्टे बघायचा. दोरावरून फडकं फिरवत जायचा. आतली एखादी बारीक तार तुटून वर आली असेल तर फडकं अडकतं. त्या तुटक्या तारांना तिथं कुसळं म्हणायचे. कुसळं फार झाली की तो दोर बाद, मग साहेब काहीही म्हणोत. “अहो, अजून महिना सहज निघेल यात,” साहेब म्हणायचे. हा म्हणायचा, “नाही निघणार.” संपलं! त्याच्यापुढं कोणाची मात्रा चालत नसे.

आणि मग तो पट्टा बांधून खांबावर चढायचा. इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात, खिशाला बटण. वर जाऊन कप्पीत ग्रीस भरायचं, जुनं काळं बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत. कप्पी हातानं थोडी फिरवायची, पुन्हा भरायचं. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायचा: “इथं ओरडून उत्तर द्यायचं तर आधी नाही. नाही झालं, नाही सोडलं, नाही बांधलं. ‘नाही’ शेवटी आलेलं मला नाही चालणार.” पोरं माना डोलवायची. नाहीबुवाचं खूळ आहे झालं, असं आपसांत म्हणायची. का म्हणून विचारायची हिंमत मात्र कोणाला झाली नाही, आणि त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही.

हा माणूस पूर्वी वंगणवाला नव्हताच मुळी. तो चालक होता. केबिनमध्ये बसायचा, आणि त्याच्यासारखा चालक त्या डोंगरावर दुसरा नव्हता. कुठंही न आपटता तो झाड असं आणून ठेवायचा, की थप्पीवाल्याला नुसतं गडगडवायचं काम. वंगणवाला होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. यानंच त्याला कामाला लावलं होतं. पोरगा हसरा, गुणी, उठता-बसता “दाजी, दाजी” करणारा. चहासुद्धा याच्या कपातला प्यायचा. “माझा कप कुठं पळवलास रे?” “दाजी, तुमचा काय नि माझा काय!” असं सगळं.

तेव्हा इंजिन बंद करायची पद्धत नव्हती. कप्पीत सगळीकडं ग्रीस पोचायचं तर ती फिरवायला हवी, आणि हातानं फिरवण्यात वेळ जातो. म्हणून इंजिन चालूच ठेवायचं. वरचा माणूस ग्रीस भरायचा, हात काढून घ्यायचा आणि “झालं!” म्हणून ओरडायचा. खालचा लिव्हर जराशी ओढायचा, कप्पी अर्धी फिरायची. पुन्हा वरचा भरायचा. केबिनला छप्पर, त्यामुळं खांबाचा माथा चालकाला दिसत नसे. सगळा कारभार कानावर. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं, आणि अंगवळणी पडलं की माणूस विचार करत नाही.

त्या दिवशी उशीर झाला होता. खाली ट्रक ओळीनं उभे, ड्रायव्हर लोक हॉर्नवर हॉर्न वाजवत होते. यानं केबिनमधून मान वर करून विचारलं, “झालं का रे?”

वरून उत्तर आलं, “झालं नाही, दाजी!”

याला ऐकू आलं, “झालं, दाजी!”

एवढंच. मधला एक शब्द इंजिनानं खाल्ला, की हॉर्ननं, की वाऱ्यानं, कोण सांगणार? यानं लिव्हर ओढली. पोराची बाही दोर आणि कप्पीच्या मधे गेली, बाहीमागून हात गेला. थप्पीवाला खाली लाकडांपाशी उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो बोंबलत केबिनकडं धावला, पण पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोराला खाली उतरवलं तेव्हा तो शुद्धीवर होता. “दाजी, दाजी” करत होता. गाडीत मांडीवर डोकं घेऊन हा बसला होता, आणि दवाखान्याच्या अलीकडंच पोरगा गेला.

चौकशी झाली. यानं स्वतःच सांगितलं, “मला ‘झालं’ ऐकू आलं. पण थप्पीवाला म्हणतो तो ‘झालं नाही’ म्हणाला. थप्पीवाला खोटं बोलणारा माणूस नाही.” चौकशीवाल्यांनी ठरवलं, आवाज नीट ऐकू न आल्यामुळं अपघात. म्हणजे कोणाचाच दोष नाही. इंजिन बंद करून चढायचा नियम झाला. तो आधी केला असता तर? पण आपल्याकडं नियम हा नेहमी माणूस गेल्यावरच सुचतो.

हा पुन्हा केबिनमध्ये बसला नाही. साहेबांनी समजावलं, जुन्या माणसांनी समजावलं. हा म्हणाला, “नाही बसणार.” मेहुण्याची ग्रीस गन त्यानं उचलली आणि त्याचं काम आपल्या अंगावर घेतलं. तिथून तो नाहीबुवा झाला.

आता घरचं सांगायचं, आणि खरं तर तेच सांगायला बसलोय.

सासूला तो एकुलता एक मुलगा. ती त्याच्याजवळच राहायची. तो गेल्यावर तिला तरी कोण? हाच जाऊन तिला घेऊन आला. म्हातारीची पेटी यानं डोक्यावर घेतली होती आणि ती मागून चालत होती. आपल्याला ती शिव्या देईल, तोंडावर थुंकेल, सगळी तयारी करून हा गेला होता. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! पण पहिल्याच जेवणाला बसताना म्हातारी म्हणाली, “जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. पोरगं माझंच उतावळं.”

हा चमकला. म्हणाला, “आई, तो नाही म्हणाला होता.”

“तुम्हाला काय ऐकू आलं?”

“झालं.”

“मग झालंच म्हणाला असणार. हात निघायच्या आधीच ओरडला असणार. लहानपणापासून तसाच तो. जेवा.”

तो जेवला. बायको वाढत होती, तिनं मान वर केली नाही.

लोक मेलेल्या म्हशीला मणभर दूध सांगतात. ही बाई मेलेल्या लेकाच्या खोड्या सांगायची. पोटातूनसुद्धा दिवस भरायच्या आधी आला. दूध निवायचं थांबायचा नाही, जीभ भाजून घ्यायचा. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावायचा. उतावळा, नुसता उतावळा! नाहीबुवा ऐकत राहायचा आणि त्याच्या जिवाची तगमग व्हायची, कारण तो पोरगा कामाला कसा होता हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक? गाठ मारली की ओढून बघायचा, बघून झाल्यावर पुन्हा बघायचा. यानं किती वेळा चिडवलं होतं, “अरे, गाठ मारतोयस की बाळाचं झबलं बांधतोयस?” तो उतावळा? पण सांगायला गेलं की म्हातारी हात वर करायची. “तुम्ही गप्प बसा, जावईबापू. पोर माझं होतं.”

एकदा त्यानं थप्पीवाल्यालाच घरी आणलं. त्याच्या तोंडून ऐकलं की पटेल, असं वाटलं त्याला. थप्पीवाल्यानं टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर म्हणाली, “चांगला माणूस आहे. तुमच्या समजुतीसाठी आला बिचारा.” हात टेकले या बाईपुढं! समजूत काढायला आलेला माणूस कधी आपल्याच गळ्यात दोष घालतो का? पण म्हातारीला पटवून घ्यायचंच नव्हतं, आणि ते का, हे हळूहळू नाहीबुवाच्या ध्यानात आलं. तिची लेक या घरात नांदत होती. नात पाळण्यात होती. ज्याच्या हातून मुलगा गेला त्याच्याच ताटाला ताट लावून तिला रोज बसायचं होतं. लेकाला दोष दिला की घर उभं राहत होतं. तो तर गेलाच होता, त्याला आता काय लागणार?

आणि यानं काय करावं? कोणीतरी एकदा आपल्याला बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. बायकोला तो एकदा म्हणालाही, “तू तरी एकदा भांड माझ्याशी.” ती घडी घालत होती. “कशावरून भांडू?” म्हणाली, आणि कपडे घेऊन आत गेली. ती बाई वाईट नव्हती हो. त्याचा डबा कधी चुकला नाही, ताप आला तर रात्र-रात्र बसली. पण भावाचं नाव तिनं त्या घरात काढलं नाही. कुठं काढणार? आई म्हणणार उतावळा, नवरा म्हणणार मी मारला. रडायलासुद्धा मधे जागा राहिली नव्हती.

असं करता करता पाळण्यातली नात आईच्या चपला घालून बाहेर जायच्या वयाची झाली. पोरगी चपळ, वाऱ्यासारखी घरात यायची नि जायची. एका संध्याकाळी तिनं घाईघाईत गरम पातेलं नुसत्या हातानं उचललं, आणि पातेलं खाली, भात खाली, पोरगी हात झाडत उभी.

“मामावर गेलीय कार्टी,” म्हातारी म्हणाली. “त्याच्यासारखीच एक दिवस आपल्या हातानं जीव घालवून बसशील.”

हे तिनं पूर्वीही शंभरदा म्हटलं असेल. पण त्या दिवशी नाहीबुवाच्या हातातला पेला खाली आदळला.

“आपल्या हातानं नाही घालवला त्यानं!” तो ओरडला. या घरात त्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. “माझ्या हातानं गेला तो. नाही उतावळा होता. ऐकताय का, आई? नाही होता उतावळा! तुम्ही पोरीला त्याचं हे एवढंच सांगणार? तिला मामा म्हणून हेच ठाऊक होणार? मला जे म्हणायचं ते म्हणा, घराबाहेर काढा, पण त्याला बोलणं आता पुरे करा!”

बायको नळाखाली लेकीचा भाजलेला हात धरून उभी होती. नळ वाहत राहिला. म्हातारी जमिनीवरचा भात गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी. पण सुट्टीच्या दिवशी यंत्र उभं असतं, म्हणून मोठी तपासणी त्याच दिवशी असायची. नाहीबुवा डबा घेऊन निघाला तर म्हातारी दारात चपला घालून तयार.

“मला वर न्या,” ती म्हणाली.

“कुठं?”

“कुठं म्हणजे? तिथं.”

इतक्या वर्षांत तिनं तो डोंगर पाहिला नव्हता, आणि पाहायचंय असंही कधी म्हटलं नव्हतं. बायको आतून बाहेर आली, आईकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि बाटलीत पाणी भरून आईच्या हातात दिली.

वर नवा चालक होता. त्याला बारक्या म्हणायचे. अर्थात चांगला रेड्यासारखा धिप्पाड गडी, म्हणूनच बारक्या. तो ड्रमवरची धूळ झाडत होता. म्हातारीला बघून त्यानं हात पुसले आणि बसायला लाकडाचा ओंडका पुढं सरकवला. ती बसली नाही. खांबाकडं मान वर करून बघत राहिली. उन्हामुळं डोळ्यांवर हात धरला होता.

“तो कुठं होता?”

नाहीबुवानं बोट दाखवलं.

“आणि तुम्ही?”

त्यानं केबिन दाखवली.

“मला तिथं बसवा,” म्हातारी म्हणाली. “हे इंजिन चालू करायला लावा, तेव्हा होतं तसं. आणि तुम्ही वर जा, आणि तो जे ओरडला तेच ओरडा.”

बारक्याला काही कळेना. तो आपला, “अहो आजी, इंजिन चालू असताना कोणी वर चढत नाही. यांचाच नियम आहे. नाहीबुवा, तुम्ही सांगा ना त्यांना!” नाहीबुवा म्हातारीकडं बघत होता. ती पाय रोवून उभी होती. ही बाई ऐकल्याशिवाय खाली उतरायची नाही, हे त्याला कळून चुकलं, आणि आपल्यालाही हेच हवं होतं हेही कळलं.

त्यानं ड्रमना खिट्या घातल्या, म्हणजे लिव्हर ओढली तरी ड्रम हलायचा नाही. घातल्यावर हातानं हिसडून बघितल्या. बारक्याला म्हणाला, “इंजिन चालू कर आणि केबिनपासून लांब उभा राहा.” मग म्हातारीला धरून पायऱ्यांवरून वर चढवलं, चालकाच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची तिला मोठी होत होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, लिव्हरला स्पर्श केला नाही.

इंजिन सुरू झालं. सगळं यंत्र थरथरायला लागलं. नाहीबुवानं पट्टा बांधला आणि चढायला लागला. रोज चढणारा माणूस, पण त्या दिवशी तो प्रत्येक पायरीला थांबून पट्टा ओढून बघत होता. इंजिन चालू असताना तो या खांबावर कधीच चढला नव्हता. तेव्हा तो खाली असायचा. आता खांबाची थरथर हातातून दातांत येत होती, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की पोराला हे रोज असंच लागत असणार.

माथ्यावर पोचून तो थांबला. खाली केबिनचं छप्पर तेवढं दिसत होतं. ओरडायला तोंड उघडलं, तर शब्द निघेना. इतकी वर्षं जिभेला लावलेलं वळण. ‘झालं’च्या आधी ‘नाही’च येऊ बघत होतं. आणि त्यात स्वतःलाच दाजी म्हणून हाक मारायची! हाक कोणाला, मारतोय कोण? डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं ग्रीसच्या हातानंच पुसलं.

मग छाती भरून तो ओरडला, “झालं नाही, दाजी!”

इंजिन आपलं घरघरत होतं. खालून काही नाही. त्यानं पुन्हा ओरडून सांगितलं. मग आपण किती वेळा ओरडतोय हेही त्याला कळेना, तो ओरडतच राहिला, “झालं नाही, दाजी! झालं नाही!” शेवटी बारक्यालाच राहवलं नाही. त्यानं पुढं होऊन इंजिन बंद केलं, आणि डोंगरावर एकदम सामसूम झाली.

नाहीबुवा खाली उतरला. केबिनच्या पायरीशी उभा राहिला. म्हातारी तशीच बसली होती. पदर तोंडाला लावलेला नव्हता, डोळे कोरडे.

“आई?” त्यानं विचारलं. “काय ऐकू आलं?”

म्हातारी जरा कमी ऐकायची आताशा. घरात दोनदा हाक मारल्याशिवाय वळून बघत नसे. तिनं खरंच ऐकलं, की आईच्या कानांनी ऐकलं, देव जाणे.

“नाही ऐकू आलं,” ती म्हणाली.

क्षणभर त्याला कळेना. काही ऐकू नाही आलं, असं म्हणतेय? त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग तिनं नीट सांगितलं.

“झालं ऐकू आलं, आणि नाहीसुद्धा ऐकू आलं. पहिल्यांदा ओरडलात तेव्हाच. मला म्हातारीला ऐकू आलं.”

हेच तो मागत होता ना? इतकी वर्षं, रोज, ताटावर बसताना? आणि मिळालं तेव्हा माणसाच्या तोंडून काय निघावं? जे त्यानं चौकशीत कोणाला सांगितलं नव्हतं, थप्पीवाल्याला नाही, बायकोला नाही, स्वतःलासुद्धा कधी म्हणू दिलं नव्हतं, ते स्वतःच्या बचावाचं निघालं.

“आई, त्या दिवशी वारा होता. हॉर्न वाजत होते.”

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं.

“असेल,” ती म्हणाली. आणि उतरायला हात पुढं केला, पण त्याच्याकडं नाही, बारक्याकडं.

घरी येईपर्यंत ती पुढं आणि हा मागं. उन्हं अजून वर होती. दारातच बायकोनं आईचा चेहरा बघितला आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

“तो नाही म्हणाला होता गं,” म्हातारी म्हणाली. “तुझा भाऊ. नाहीच म्हणाला होता.”

“मला माहीत होतं, आई.”

“माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“तू कधी बोलू दिलंस?” बायको म्हणाली. आणि तिचा बांध फुटला. कामाला जाणाऱ्या नवऱ्याचा डबा भरताना, लेकीची वेणी घालताना, सगळ्या त्या वर्षांत जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं. ती खालीच बसली, आईच्या गुडघ्यांना मिठी मारून, आणि भावाला हाका मारमारून रडायला लागली, जणू तो त्याच सकाळी गेला होता. म्हातारी तिच्याजवळ बसली. इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळेही आता राहिले नाहीत. “माझं गुणाचं पोर,” म्हणत होती, “माझं शहाणं पोर. मी काय-काय बोलले रे तुला.”

नाहीबुवा उंबऱ्यापाशी उभा होता. त्याचा एक पाय आत पडला होता. लेक आतून आली. तिच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. ती हळूच म्हणाली, “बाबा, इतक्यात आत नका येऊ.”

त्यानं पाय मागं घेतला. बाहेर पायरीवर बसला. त्यालाही पोराचं रडायचं होतं. त्याच्याच कपातला चहा पिणारा पोरगा होता तो, त्याच्याच मांडीवर गेला होता. पण आत जे चाललं होतं त्यात आता त्याला जागा नव्हती, आणि ती मागायची कोणाकडं?

“उतावळा नव्हता गं तो,” आतून म्हातारीचा आवाज येत होता. “नव्हता उतावळा.”

“नव्हता,” पायरीवरून तो म्हणाला, पण इतक्या हळू, की आत कोणालाच ऐकू गेलं नाही.